परवलीचा शब्द आणि त्याची परीक्षा



आजचा विषय पत्रिकेत वाचून काहींच्या मनात आले असेल, की कुलुपे फोडण्याच्या हत्यारांवर भर सभेत व्याख्यान कसले? शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर आधी देतो. एखादी सहकारी बँक किंवा रुग्णालय आपल्या संगणकांची तटबंदी तपासून घेण्यासाठी जाणती माणसे नेमते आणि त्यांना सांगते, की चोर शिरेल तसे शिरून दाखवा. या कामाला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात. कोणत्या यंत्राला हात लावायचा, कोणत्याला नाही, किती दिवस, हे मालकाच्या सहीनिशी आधी कागदावर उतरते. तो कागद नसेल तर माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याच्या कलम 43 प्रमाणे नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि हेतू लबाडीचा ठरला तर कलम 66 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून आमच्या मते या धंद्यातले पहिले हत्यार तो कागद होय.

आता परवलीचा शब्द, ज्याला आपण सारे पासवर्ड म्हणतो, तो संगणकात कसा ठेवलेला असतो ते पाहू. शहाणी यंत्रणा तो शब्द जसाच्या तसा ठेवीतच नाही. ती तो दळते आणि पीठ ठेवते. या पिठाला हॅश असे नाव आहे. पिठाचे पुन्हा गहू करता येत नाहीत. परंतु ही गिरणी अशी चमत्कारिक आहे, की तेच धान्य घातले की कणन् कण तेच पीठ पडते. तेव्हा पिठाची फाइल हाती लागलेला मनुष्य काय करतो? तो अंदाजाने एकेक शब्द दळतो आणि दोन्ही पिठे ताडून पाहतो. जुळले, की शब्द सापडला. पासवर्ड फोडणे म्हणतात ते एवढेच. यात जादू नाही, चिकाटी आहे.

ही चिकाटी किती फळते, याचा हिशेब जुना आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन या युनिक्सच्या दोघा जाणकारांनी 1979 साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी 3,289 पासवर्ड तपासले; त्यांपैकी 2,831, म्हणजे शेकडा 86, एक तर फार आखूड होते किंवा कोशात नाही तर नावांच्या यादीत सापडणारे होते. पंधरा जणांनी तर एकाच अक्षरावर भागवले होते! पुढे 1988 च्या नोव्हेंबरात इंटरनेटवर जो प्रसिद्ध किडा पसरला, त्याने इतर वाटांबरोबर 432 शब्दांची एक यादी वापरून पासवर्ड ओळखण्याचीही वाट धरली होती. तो किडा सोडणारा तरुण याच मॉरिससाहेबांचा मुलगा. बापाने दाखवलेले भगदाड मुलाने वापरून दाखवले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता हत्यारांची निवड. पहिला प्रश्न असा, की आपण दाराबाहेर उभे आहोत की पिठाची फाइल आपल्या हाती आहे? दाराबाहेर असू तर हायड्रासारखे साधन चालत्या यंत्रणेला एकामागून एक शब्द विचारीत जाते. हे काम मंद, गोंगाटाचे, आणि थोडे धोक्याचेही. पाच-दहा चुका झाल्या की पुष्कळ ठिकाणी खाते बंद होते. आणि महिनाअखेरीस पगारपत्रक करणाऱ्या कारकुनाचेच खाते परीक्षकाने बंद पाडले, तर त्या परीक्षेचा उपयोग काय? खाते किती चुकांवर बंद होते हे आधी विचारून घ्यावे, आणि त्याच्या पुष्कळ अलीकडे थांबावे.

फाइल हाती असेल तर प्रश्न गिरणीचा. जुन्या विंडोजमधील एलएम नावाची गिरणी इतकी भाबडी होती, की सगळी अक्षरे मोठ्या लिपीत करून, चौदा अक्षरांचे सात-सात असे दोन तुकडे पाडून, ते निरनिराळे दळीत असे. फिलिप ओक्सलिन यांनी 2003 साली आधीच दळून ठेवलेल्या नमुन्यांच्या तक्त्यांनी असले अक्षर-अंकी पासवर्ड काही सेकंदांत उघडून दाखवले. त्या तक्त्यांवरचा उतारा म्हणजे मीठ! इंग्रजीतही त्याला मीठच म्हणतात. प्रत्येकाच्या दळणात वेगळी चिमूट पडली, की दोघांचा शब्द एक असूनही पीठ वेगळे निघते, आणि तयार तक्ते फुकट जातात. गंमत अशी, की विंडोजच्या एनटीएलएम हॅशमध्ये हे मीठ आजही नाही.

वेगाचा फरक तर याहून मोठा. इंग्रजीतील आठ लहान अक्षरांच्या एकूण जुळण्या सुमारे 20,882 कोटी होतात. एमडी5 ही विजेची गिरणी. खेळांसाठी घेतलेले एखादे चांगले ग्राफिक्स कार्ड ती सेकंदाला हजार कोटींहून अधिक वेळा फिरवते. म्हणजे साऱ्या जुळण्या अर्ध्या मिनिटाच्या आत संपल्या. उलट 1999 साली प्रोव्हॉस आणि माझिएर यांनी मांडलेले बीक्रिप्ट हे मुद्दाम जड केलेले जाते आहे. त्याचा जडपणा 12 वर ठेवला आणि सेकंदाला पाच हजार फेरे धरले, तर त्याच कामाला सव्वा वर्षाहून अधिक लागते.

म्हणून साधन गिरणी पाहून घ्यावे. हॅशकॅट ग्राफिक्स कार्डांवर धावते. 2015 पासून त्याची संहिता सर्वांना खुली आहे. पण हॅश कोणत्या जातीचा आहे हे आपल्याला नेमके ठाऊक असावे लागते; ते ओळखण्यात चूक झाली तर यंत्र दिवसभर फुकट तापते. जॉन द रिपर 1996 पासूनचे, वयाने वडील. ते साध्या यंत्रावर निमूट चालते, पुष्कळ जाती आपण होऊन ओळखते, आणि कुलूपबंद झिप फाइलसारख्या आडवळणाच्या कामाला सोयीचे पडते. पुष्कळांना वाटते की महागडे कार्ड घेतले की काम झाले. आम्हाला तसे वाटत नाही. बीक्रिप्टपुढे ते कार्डही घामाघूम होते; तेथे वाचवते ती शब्दांची यादी.

आणि यादीबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे. 2009 च्या डिसेंबरात रॉकयू या कंपनीकडून सुमारे 3 कोटी 20 लाख पासवर्ड फुटले, तेही न दळलेले! त्यांत सर्वांत लाडका शब्द एक ते सहा हे अंक ओळीने. त्यांतून निघालेली सुमारे 1 कोटी 40 लाख निराळ्या शब्दांची यादी आज प्रत्येक परीक्षकाच्या झोळीत असते. पण ती परदेशी बाजारपेठेत गोळा झालेली. आमच्या नगरातल्या पतपेढीत बसणारा मनुष्य पासवर्ड म्हणून काय घालील? कुलदैवत, मुलीचे लाडके नाव, गावाचे नाव, दुचाकीचा नंबर, लग्नाचे साल. आणि हे सारे रोमन लिपीत. त्यातही 'गणपती'च्या शेवटी कोणी एक अक्षर लावतो, कोणी दोन. 'श्री' लिहिण्याच्या तऱ्हा तर विचारू नका. ही यादी अमेरिकेतून येणार नाही. येथली माणसे, येथले सण आणि पिनकोड ठाऊक असलेल्यानेच ती करावी, आणि तिच्यावर मागे साल जोडणे, पहिले अक्षर मोठे करणे, 'ए'च्या जागी वाटोळे चिन्ह घालणे असे नियम चालवावे. एखाद्या तालुक्याच्या गावी हे काम करताना चांगली यादी चार कार्डांना भारी पडेल, असा आमचा विश्वास आहे.

काम संपल्यावर अहवाल द्यायचा. त्यात कोणाचा शब्द काय निघाला हे लिहू नये. कारण त्या शब्दांत माणसांची घरे असतात. कोणाच्या वारलेल्या आईचे नाव असते, कोणाच्या न सांगितलेल्या ओढीचे. किती शब्द पहिल्या तासात उघडले, किती अखेरपर्यंत टिकले, दळण कोणत्या गिरणीतले होते, आणि एकच शब्द किती जणांनी वापरला, एवढे आकडे मालकाला पुरतात. ज्यांचे शब्द उघडले त्यांच्याकडून ते बदलून घ्यावे, आणि पिठाची फाइल व सापडलेले शब्द, दोन्ही पुसून टाकल्याचे परीक्षकाने लिहून द्यावे. त्या लेखावर मालकाची पोच घ्यावी, आणि ती परवानगीच्या कागदाला टाचून ठेवावी.