मुदतीच्या आत

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिला आहे 'मुली आणि लष्करभरती'. तो ऐकल्यावर आपल्यातल्याच एकीने काल जेवताना विचारलं, "आपण युद्धाच्या विरोधात बोलायचं आणि मुलींना फौजेत जायला मदत करायची, हे कसं काय?" प्रश्न रास्त आहे. २००४ साली मणिपूरच्या बायकांनी इम्फाळला कांगला किल्ल्याच्या दारात आसाम रायफल्सच्या विरोधात जी निदर्शनं केली, ती मी विसरलेले नाही. लष्करात बायका गेल्या म्हणून लष्कर बायकांचं होत नाही, हेही मला मान्य आहे. हा वाद आपण एकदा दिवसभर बसून घालू. पण मुली त्या वादाच्या निकालासाठी थांबलेल्या नाहीत. त्या पहाटे पाच वाजता डांबरी रस्त्यावर धावताहेत. मोटारसायकलवरची पोरं शेरे मारून जातात, तरी धावताहेत. त्यांना अर्ज भरायला मदत लागते. ती आज भरती अकादमीवाले फी घेऊन देतात, 'आपली वर ओळख आहे' म्हणणारा दलाल पैसे घेऊन देतो. आपण देत नाही. म्हणून मी बोलायला उभी आहे.

आधी आमची चूक सांगते. आमच्या केंद्रावर एक मुलगी यायची. दहावीला चांगले गुण, उंची चांगली, घरची दोन एकर कोरडवाहू. मुलींच्या भरतीत ती धावली, उड्या मारल्या, सगळ्यात निघाली. मेडिकलला अडकली. अंगात रक्त कमी आणि कानात मळ. हातात इंग्रजी कागद दिला. घरी येऊन तिने बापाला सांगितलं, "अनफिट केलं." बाप म्हणाला, संपलं. ती कागद घेऊन आमच्याकडे आली. त्या दिवशी आम्ही रेशनच्या मोर्चाच्या गडबडीत होतो. मी कागदावर नजर टाकली, 'अनफिट' एवढं वाचलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ दे बाई, पोलीस भरती बघू." अडीच महिन्यांनी तिचं लग्न झालं. पुढे दुसऱ्या एका मुलीचं काम करताना मी तो कागद पुन्हा मागवून घेतला. त्यावर लिहिलं होतं, तात्पुरती अपात्र. फेरतपासणीला कोणत्या लष्करी रुग्णालयात जायचं आणि किती दिवसांत, तेही लिहिलेलं होतं. रक्त वाढवायला आणि कान साफ करायला जेवढे दिवस लागले असते, तेवढे होते. मुदत गेली होती, आणि लग्न झाल्यामुळे तिला आता नव्याने अर्जही करता येत नव्हता.

धावण्यात मुली नापास होतात, तेव्हा त्यांना कळतं की आपण नापास झालो. कागदात नापास होतात तेव्हा कळतही नाही. आणि मुलीच्या बाबतीत दोन घड्याळं एकाच वेळी चालू असतात. एक भरतीचं, एक घरातलं. घरातलं नेहमी पुढे असतं.

आता रस्ते कोणते आहेत ते थोडक्यात सांगते. दहावीनंतर अग्निवीर. स्थलसेनेत मुली शिपाई म्हणून फक्त लष्करी पोलीस दलात घेतल्या. ती भरती २०१९ साली सुरू झाली आणि पहिली तुकडी मे २०२१ मध्ये बंगलोरहून बाहेर पडली. नौदल आणि हवाई दलही अग्निवीर म्हणून मुली घेऊ लागलं. बारावीनंतर खडकवासल्याची एन.डी.ए., किंवा नीट परीक्षेतून लष्करी नर्सिंग. पदवीनंतर शॉर्ट सर्व्हिस कमिशन, तेही परीक्षेतून, एन.सी.सी.च्या 'सी' प्रमाणपत्रावर, इंजिनियरिंग किंवा कायद्याच्या पदवीवर. मुलगी आली की पहिलं हे विचारा, तुला शिपाई व्हायचंय की अधिकारी? बहुतेकींना हा फरक कुणी सांगितलेलाच नसतो. बारावीला गणितात नव्वद मिळवलेली मुलगी फक्त धावायची तयारी करताना मी पाहिली आहे. कारण गावात अकादमी होती ती धावण्याची. एन.डी.ए.ची लेखी परीक्षा नऊशे गुणांची, त्यात गणित तीनशेचं. मुलींना परीक्षेची फी नाही. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत. अग्निवीरची लेखी परीक्षा मात्र २०२५ पासून मराठीतही देता येते. लेखी पास झाल्यावर सेवा निवड मंडळ, म्हणजे एस.एस.बी., पाच दिवसांचं. तिथे राहणं-खाणं फुकट असतं आणि त्या प्रवेशासाठी पहिल्यांदा जाणारीला रेल्वेचं भाडं परत मिळतं. हे घरी आधी सांगा. "भोपाळला पाच दिवस एकटी?" याला अर्धं उत्तर तिथेच मिळतं. उरलेलं अर्धं द्यायला आपल्यापैकी कुणीतरी स्टेशनपर्यंत जावं लागतं.

एस.एस.बी.त साठ शब्द दाखवतात, एकेकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. गटात चर्चा, मैदानावर दोरखंड आणि फळ्या घेऊन अडथळे पार करायचे, मग मुलाखत. आपल्या मुली गटात बोलायला घाबरतात. पण बचत गटाच्या बैठकीत ज्या मुलीने आईच्या वतीने हिशेब वाचून दाखवला आहे, तिला हे जमतं. माझ्या अनुभवात मुलाखतीत पाठ केलेली उत्तरं पडतात आणि घरची खरी हकिगत सांगणारी मुलगी तरते.

आता कागद. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि आईचं नाव, सगळं एकसारखं हवं. आईचं नाव तर आपल्याकडे तीन प्रकारे लिहिलेलं असतं. माहेरचं, सासरचं आणि मास्तरांनी ऐकलं तसं. दुरुस्तीला महिने लागतात, म्हणून आठवी-नववीतच बघायला हवं. रहिवास, जात, चारित्र्याचा दाखला हे ओघाने आलंच. शिवाय अग्निवीरसाठी अविवाहित असल्याचा फोटोसह दाखला लागतो, सरपंच किंवा नगरपालिकेकडून, सहा महिन्यांच्या आतला. हा दाखला मुलांनाही लागतो. पण मुलगा मागायला गेला की सरपंच सही करतात, मुलगी गेली की "वडिलांना पाठव" म्हणतात. नियमात तसं काही नाही. अठरा वर्षं पूर्ण नसतील तर नावनोंदणीच्या फॉर्मवर पालकांची सही लागते. अठरानंतर तिची स्वतःची सही पुरते. हे तिला माहीत असू द्या आणि तिच्या वडिलांनाही.

गोंदणाचं विचारून घ्या. हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या पाठीवर कायमचं गोंदण चालतं. इतरत्र चालत नाही. आदिवासी जमातींच्या मुलींना परंपरेप्रमाणे सवलत आहे, पण तिचे दाखले बरोबर न्यावे लागतात. आजीने कपाळावर हौसेने गोंदलेला ठिपका दहा वर्षांनी असा आडवा येतो, हे कुणाच्या स्वप्नातही नसतं.

लष्करी पोलीस दलासाठी उंची १६२ सेंटिमीटर लागते. आपल्याकडे पुष्कळ मुली इथेच गळतात, तर घरच्या दाराच्या चौकटीवर आधी मोजा. धावणं १.६ किलोमीटर, साडेसात मिनिटांत पहिला गट, आठ मिनिटांत दुसरा. दहा फूट लांब उडी, तीन फूट उंच उडी. हे सरावाने होतं. सरावाने होत नाही ते रक्ताचं. मुली सगळ्यांच्या मागून जेवतात, उरलेलं जेवतात, आणि भरतीच्या आधी महिनाभर धावणं दुप्पट करतात. मग मेडिकलला रक्त कमी निघतं. अकादमीचा मास्तर धावण्याची वेळ लिहून ठेवतो, ताटात काय पडतं ते लिहीत नाही. आमच्याकडे आता सरावाला येणाऱ्या मुलीचं रक्त प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घेतो, भरतीच्या चार महिने आधी. पाय सपाट आहेत का, उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना घासतात का, कान, दात, रंग ओळखता येतात का, हेही तेव्हाच बघतो. एकीला रंगांचं दिसत नव्हतं. ती रडली. पण दोन वर्षं आणि बापाचे पैसे वाचले.

आणि 'अपात्र' शब्द दिसला की कागद पूर्ण वाचायचा. तात्पुरती की कायमची? कारण काय? अपील कुठे? अधिकारी पदाच्या प्रवेशात अपिलाच्या वैद्यकीय मंडळासमोरची तपासणी बेचाळीस दिवसांत व्हावी लागते. बेचाळीस दिवस म्हणजे सहा आठवडे, त्यात एक सण येतो आणि एक पाहुणा बघायला येतो.

मुदतीचं हे दुखणं मोठ्या न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. १८ ऑगस्ट २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने मुलींना एन.डी.ए.ची परीक्षा देऊ द्या, असा अंतरिम आदेश दिला. सरकार म्हणालं, तयारीला वेळ हवा, मे २०२२ पासून देतो. महिना उलटल्यावर, सप्टेंबरात, न्यायालयाने ते नाकारलं आणि नोव्हेंबरचीच परीक्षा द्या म्हटलं. ऐकायला सहा महिन्यांचा प्रश्न वाटतो. पण एन.डी.ए.ला साडेसोळा ते साडेएकोणीस एवढंच वय. ज्यांचं वय त्या सहा महिन्यांत निघून गेलं असतं, त्यांच्यासाठी तो जन्माचा प्रश्न होता. २०२२ साली एकोणीस मुली खडकवासल्यात दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ ला त्यांतल्या सतरा बाहेर पडल्या. अर्ज करणाऱ्या मुलीच भांडल्या, असं पुढेही झालं. लष्कराच्या कायदा शाखेत सहा जागा पुरुषांना आणि तीन स्त्रियांना ठेवल्या होत्या. निवड झालेल्या पुरुषापेक्षा जास्त गुण असूनही जागा न मिळालेली उमेदवार कोर्टात गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाटणी रद्द केली.

आता लग्नाच्या अटीबद्दल. ही अट आपल्याला नीट समजून घ्यायला हवी, कारण तिला दोन्ही बाजूंनी धार आहे. लष्करी नर्सिंग सेवेतल्या एका अधिकारी बाईला १९८८ साली लग्न केलं म्हणून काढून टाकलं. १९७७ सालचा तसा नियमच होता, तो १९९५ मध्ये मागे घेतला. त्या सेलिना जॉन. निकाल लागला १४ फेब्रुवारी २०२४ ला, साठ लाखांची भरपाई द्या असा. मध्ये छत्तीस वर्षं गेली. साठ लाखांत ती परत येत नाहीत. तर अट अशीही वापरली जाते. पण अग्निवीरची चार वर्षं अविवाहित राहण्याची अट मुली कशी वापरतात बघा. एक मला म्हणाली, "ताई, मी नाही म्हटलं तर मार बसतो. सरकार नाही म्हणतंय म्हटलं की सगळे गप्प." तिने फॉर्म भरल्यापासून स्थळं यायची थांबली. भरतीत ती निघाली नाही, तरी दीड वर्षं मिळालं आणि तेवढ्यात बी.ए.चं दुसरं वर्ष झालं. नियम तिच्यासाठी केलेला नाही, आडोसा मात्र तिला मिळाला. मला याचा आनंद होतो आणि रागही येतो. मुलीच्या 'नाही'ला गावात किंमत नाही म्हणून तिला फौजेचं 'नाही' उसनं आणावं लागतं.

पैशाचं खरं काय ते सांगा. अग्निवीरला पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले नऊ हजार निधीत जातात, हातात एकवीस. चार वर्षांनी निधीचे दहा लाखांच्या वर मिळतात. त्यानंतर फक्त पंचवीस टक्के जण कायम होतात, बाकीच्यांना पेन्शन नाही. घरचे हे दहा लाख आधीच खर्चून बसलेले असतात, तिच्या लग्नात नाहीतर भावाच्या ट्रॅक्टरमध्ये. खातं तिच्या नावाचं आहे, हे अर्ज भरतानाच बोलून घ्या. नंतर बोलायला जाल तर भांडण होतं.

आपण काय करू शकतो? फार मोठं काही नाही. भरतीच्या आदल्या रात्री मुलीला शहरात झोपायला जागा लागते, कारण पहाटेच हजर व्हायचं असतं. जागा नाही म्हणून भाऊ बरोबर येतो, भावाला सुट्टी नाही म्हणून ती जात नाही. पाळी त्याच दिवशी आली तर काय करायचं, हे तिला आधी कुणीतरी सांगायला हवं. मुली एकत्र धावल्या की शेरे कमी होतात. आमच्याकडे दोन बायका आळीपाळीने सायकलवर बरोबर जातात. त्यातल्या एकीचं वय बासष्ट आहे आणि तिच्या तोंडाला कुणी लागत नाही.

जिची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, ती आता माहेरी असली की रविवारी केंद्रावर येते. मुलींचे कागद तीच वाचते, पेन्सिलीने तारखांखाली रेघा ओढते. तिने एक तक्ता केला आहे. कोणता दाखला कुठून आणि तो किती दिवस चालतो याचा. त्याच्या प्रती मी आणल्या आहेत, दाराजवळच्या टेबलावर आहेत. ज्यांच्या गावात अशा मुली आहेत त्यांनी चहाच्या सुट्टीत माझ्याकडे मुलीचं वय आणि दहावीचं वर्ष लिहून द्या. वय आधी लिहा.