गोळी चुकते कशामुळे?

शहापूरच्या विणकराला बेळगावचे सरकारी रुग्णालय काही दूर नाही. एच.आय.व्ही.वरील औषधे केंद्र शासनाने १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. बहुतेकांना आता दिवसाकाठी एकच गोळी पुरते. तरीही औषधात खंड पडतो. विस्मरण हे कारण सांगावयास सोपे. खरे कारण पुष्कळदा भीती हेच असते. रांगेत ओळखीचे कोणी भेटेल या धास्तीने रुग्ण जवळचे केंद्र टाळून परगावी जातो आणि प्रत्येक खेपेस दिवसाची मजुरी गमावतो. सासरी कळू नये म्हणून सून डबी धान्यात दडवते. घरात पाहुणे असले की त्या दिवशीची गोळी राहते. बरे वाटू लागले म्हणून औषध सोडणारेही आहेतच. विषाणू मात्र शरीरातून गेलेला नसतो, दबलेला असतो. वारंवार खंड पडल्यास तो पुन्हा वाढतो आणि त्याच औषधाला दाद देईनासा होतो.

रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातले आहे. गल्लीतील कुजबुज त्याने थांबत नाही. घरातील निदान एका विश्वासू माणसास ठाऊक असले, तर वेळेवर आठवण करणारे कोणी असते. ऊसतोडीस जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच समुपदेशकास सांगावे, म्हणजे हंगामातील औषधाची सोय आधी ठरविता येते.