मल्लाचा ऐन भर कोणता?



साहित्याच्या व्यासपीठावरून मी मुष्टियोद्ध्यांविषयी बोलणार म्हटल्यावर पहिल्या रांगेत थोडी चुळबुळ झाली. काळजी करू नका. हिंडूनफिरून मी धारवाडलाच येणार आहे.

हुबळीत दुर्गदबैलाजवळ माझ्या वडिलांचे शिंपीकामाचे दुकान होते. संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरले की काका येऊन बसत आणि एकच वाद रंगे : महंमद अलीचा ऐन भर कोणता? वडील म्हणत, १९६६. त्या नोव्हेंबरात ह्यूस्टनला क्लीव्हलंड विल्यम्स या दणकट गड्याला अलीने तिसऱ्या फेरीत संपवले, आणि पाय असे चालले की समोरच्याला तो सापडलाच नाही. काका म्हणत, १९७४. किन्शासात पंचवीस वर्षांचा जॉर्ज फोरमन समोर होता. चाळीस लढती, चाळीसही जिंकलेल्या. बत्तीस वर्षांचा अली दोरांना रेलून मार खात राहिला, फोरमन दमला, आणि आठव्या फेरीत अलीने त्याला झोपवले.

दोघांपैकी एकानेही यातली एकही लढत डोळ्यांनी पाहिली नव्हती. वर्तमानपत्रे आणि ऐकीव वर्णने एवढ्यावर तीस वर्षे वाद चालला. मला मात्र पुढे एक गंमत कळली. वडिलांचा जन्म १९४२ चा, म्हणजे अलीच्याच वर्षाचा. काका आठ वर्षांनी धाकटे. १९६६ साली वडील चोवीस वर्षांचे होते, १९७४ साली काका चोवीस वर्षांचे. दोघेही अलीचा भर म्हणून आपापले चोविसावे वर्ष जपत होते.

तुम्हीही असेच करता, मीही करतो. म्हणून आधी भराचा अर्थ लावू. त्याचे निदान तीन अर्थ होतात. शरीर सर्वात चपळ होते तो काळ, सर्वात मोठा पराक्रम घडला तो दिवस, आणि हातातल्या विद्येचा पुरता उपयोग करता येऊ लागला तो काळ. वडील पहिल्याबद्दल बोलत होते, काका दुसऱ्याबद्दल. वाद मिटला नाही याचे कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते.

अलीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. एप्रिल १९६७ मध्ये त्याने सैन्यात भरती व्हायला नकार दिला आणि त्याचे पद व परवाने गेले. मार्च १९६७ नंतर तो थेट ऑक्टोबर १९७० मध्ये रिंगणात उतरला. वयाची पंचवीस ते अठ्ठावीस ही वर्षे त्यातच गेली. त्याचा खरा भर कदाचित याच काळात असेल, कोणीही न पाहिलेला. परत आला तेव्हा पाय पहिल्यासारखे नव्हते. पुढचा अली त्याने नव्याने घडवला : कमी हलणारा, जास्त सोसणारा, जास्त विचार करणारा.

आता आपल्या मुलखात या. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले. कोल्हापुरात घडले आणि १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. पुढच्याच वर्षी तो मान गणपतराव आंदळकरांना मिळाला. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत आंदळकरांनी वजनदार गटात ग्रीको-रोमन कुस्तीचे सुवर्णपदक आणि फ्रीस्टाइलचे रौप्यपदक आणले. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड घेता येत नाही. आपल्या लाल मातीतल्या कुस्तीत पायाची पकड हा जीव, आणि निकाल म्हणजे पाठ जमिनीला लागणे. मग या मल्लाचा भर मातीवर मोजायचा की गादीवर? आणि नंतर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी पोरे घडवली, ती वर्षे कुठल्या खात्यात लिहायची? नुसते ‘ते आपल्या भरात होते’ म्हणून भागत नाही; कशाच्या भरात, हे सांगावे लागते.

आणि आता धारवाड. मल्लिकार्जुन मन्सूर १९१० साली जन्मले. मिरजेला नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम झाली, तरुणपणी ध्वनिमुद्रिका निघाल्या, नाव झाले. त्यानंतर ते मंजीखाँसाहेबांचे शागीर्द झाले. मंजीखाँ १९३७ साली गेले, तेव्हा त्यांचे बंधू भूर्जीखाँ यांच्याकडे शिकणे चालू राहिले. पद्मश्री मिळाली ती १९७० साली, वयाच्या साठीत; पद्मविभूषण १९९२ साली, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी. त्या उतारवयातल्या मैफली ऐकलेले लोक या सभागृहात बसले आहेत. आवाजाचा ऐन भर तरुणपणात असेल. गाण्याचा भर कधी, हे त्यांनाच विचारा. बेंद्र्यांचेही तसेच. मराठी घरात जन्मून कन्नडचे महाकवी झालेल्या या माणसाचा ‘नाकु तंती’ हा संग्रह ज्ञानपीठापर्यंत गेला, आणि तो निघाला तेव्हा कवीने साठी ओलांडली होती.

तुम्ही म्हणाल, गवई आणि कवी ठीक. मल्लाला वय माफ करत नाही. खरे आहे. फोरमनने १९९४ साली पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा जगज्जेतेपद मिळवले, पण तो अपवाद. जो लुईने १९३८ साली श्मेलिंगला १२४ सेकंदांत हरवले. तोच लुई करांच्या थकबाकीपायी पुन्हा उभा राहिला आणि १९५१ साली सदतिसाव्या वर्षी मार्सियानोकडून मार खाऊन बाहेर पडला. १९८० साली अडतीस वर्षांचा अली लॅरी होम्ससमोर दहा फेऱ्या नुसता मार खात होता. ‘अजून भर आहे’ म्हणणारे तेव्हाही भवती होते. चार वर्षांनी त्याला पार्किन्सनचे निदान झाले. भर संपल्याचे न ओळखणे महागात पडते, ते असे.

पण उलटी चूकही महाग पडते, आणि ती मी केली आहे. वडील सहासष्ट वर्षांचे झाले तेव्हा मी त्यांना दुकान बंद करायला लावले. माझा हिशेब सरळ होता : पूर्वी आठवड्याला सहा कोट, आता एक. हात मंदावला, भर संपला. त्यांनी वाद घातला नाही. कात्री पुसली, फडक्यात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. पुढे एका लग्नात त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाने मला थांबवून अंगातला कोट दाखवला. ‘हा तुमच्या वडिलांचा शेवटचा. माझा एक खांदा उतरता आहे. इतक्या वर्षांत कुणाला झाकता आला नाही, तो यात झाकला.’ मी कोट मोजले होते. अंगावर बसलेला एकही पाहिला नव्हता.

वडिलांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘काकाला सांग, चौऱ्याहत्तर म्हणतो ते अगदीच चूक नाही.’ तीस वर्षांत त्यांनी दिलेली ही एकमेव कबुली.

मित्रहो, लुईला आणि अलीला कोणीतरी थांबवायला हवे होते, माझ्या वडिलांना नको होते. मल्ल मार खातो, त्याचा देह पणाला लागलेला असतो, शिंप्याचा नसतो. म्हणून थांब म्हणण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात : पुढे चालू ठेवण्याची किंमत कोण मोजतो, आणि आपण काय मोजतो आहोत. घरी गेल्यावर म्हाताऱ्या माणसाच्या हातात अजून काम असेल, तर आकडा विचारू नका. काम हातात घेऊन पाहा.