जुनें डिझेल इंजिन आणि विकतचें बळ

अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत शेतकऱ्याच्या दारांत पूर्वीं जसा घोडा उभा असे, तशी गेलीं कित्येक वर्षें पिकअप गाडी उभी असते. पुढें दोनतीन माणसें बसण्याजोगी जागा व मागें उघडा हौदा, असें तिचें साधें रूप. गवताच्या पेंढ्या, खताचीं पोतीं, कुंपणाचे खांब असा माल हौद्यांतून जातो. आणि गुरें किंवा घोडे न्यावयाचे असले, म्हणजे मागें ट्रेलर जोडतात. अशी गाडी वीसपंचवीस वर्षें इमानें राबली, कीं मालकाच्या मनांत एक विचार हमखास येतो. गाडी अजून धडधाकट आहे. मग थोडे पैसे टाकून तिचें बळ वाढवितां आलें, तर नवी कशाला घ्यावी?

या प्रश्नाचें उत्तर देण्यास बाजार सदैव तत्पर असतो. नटबोल्ट आवळून बाहेरून बसवितां येतील असे जोडसंच तेथें मुबलक मिळतात, आणि त्यांच्या जाहिरातींत वाढीव अश्वशक्तीचा आंकडा ठळक छापलेला असतो. तो आंकडा खोटाच असतो असें नाहीं. परंतु तो कोणत्या परिस्थितींतला व किती वेळ टिकणारा, हें विचारल्यावांचून पैसे मोजणें शहाणपणाचें नव्हे.

उदाहरणादाखल डॉज गाडी घेणें सोयीचें होईल. १९८९ सालच्या नमुन्यापासून या पिकअपमध्यें कमिन्सचें ५.९ लिटरचें, सहा सिलिंडरांचें डिझेल इंजिन बसूं लागलें. कमिन्स कंपनी १९१९ सालीं इंडियाना राज्यांतील कोलंबस या गांवीं निघाली. महाराष्ट्रास तें नांव परकें नाहीं. १९६२ सालीं पुण्यांत किर्लोस्कर-कमिन्स ही कंपनी स्थापन झाली. डॉजमधील पहिल्या इंजिनाचें बळ १६० अश्वशक्ति होतें. १९९६ ते १९९८ च्या, हातानें गिअर बदलावयाच्या गाड्यांत तें २१५ पर्यंत गेलें. इंजिनाचा ठोकळा मात्र ओतीव लोखंडाचा आणि जड कामाच्या हिशेबानें घडविलेला. कारखान्यानें त्यांतून जेवढें बळ घेतलें, त्याहून बरेंच अधिक देण्याची त्याची ऐपत होती. जोडसंच विकणारांची या इंजिनावर विशेष मर्जी आहे, ती याच कारणानें.

हें वाढीव बळ येतें कोठून? डिझेल इंजिनांत आधीं नुसती हवा घेऊन ती जोरानें दाबतात. दाबलेली हवा अतिशय तापते, आणि तींत इंधनाचा फवारा सोडला कीं तो आपोआप पेट घेतो. बळ कमीजास्त करावयाचें तें फवारा लहानमोठा करून. म्हणजे अधिक बळ हवें असेल, तर अधिक इंधन जाळणें हाच मूळ उपाय. १९९४ ते १९९८ च्या गाड्यांत इंधनाच्या पंपामध्यें एक लहानशी पोलादी पट्टी असते; फवारा जास्तींत जास्त किती मोठा व्हावा, याची मर्यादा ती घालते. ही पट्टी बदलणें हा सर्वांत स्वस्त जोडसंच. त्याहून महाग ते मोठ्या छिद्रांचे इंजेक्टर, आणि त्याहून महाग तो हवा कोंबणारा मोठा टर्बो.

परंतु इंधन वाढविणें सोपें, हवा वाढविणें कठीण. एक किलो डिझेल पुरतें जळण्यास सुमारें १४.५ किलो हवा लागते. आणि मिसळण्यास मिळणारा वेळ निमिषमात्र असल्यामुळें प्रत्यक्षांत तीहून पुष्कळ अधिक पुरवावी लागते. हवा अपुरी पडली कीं काळा धूर निघतो. पुष्कळ हौशी लोक या धुराला बळाची खूण समजतात. वस्तुतः तो न जळलेला कोळसा होय, आणि त्याबरोबर मालकाचा पैसाहि हवेंत जात असतो. शिवाय इंधनाच्या मानानें हवा कमी, म्हणजे धुराची उष्णता वाढणार. आणि जुन्या इंजिनाचा खरा शत्रु ही उष्णताच आहे.

इंजिनाचे पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. शुद्ध ॲल्युमिनियम सुमारें ६६० अंश सेंटिग्रेडला वितळतें. खालून येणारें तेल आणि प्रत्येक फेऱ्यास मिळणारी ताजी हवा पिस्टनला थंड ठेवतात, म्हणून तो तग धरतो. जाणते मिस्त्री टर्बोच्या अलीकडे धुराची उष्णता मोजतात, आणि ती १,२५० अंश फॅरनहीटच्या, म्हणजे सुमारें ६७५ अंश सेंटिग्रेडच्या, वर फार वेळ राहूं देत नाहींत.

‘फार वेळ’ या दोन शब्दांत सर्व रहस्य सांठविलेलें आहे. जाहिरातींतला आंकडा बहुधा डायनमॉमीटर नांवाच्या शक्तिमापक यंत्रावर मिळविलेला असतो. तेथें इंजिन कांहीं सेकंद पूर्ण जोरानें चालतें, आंकडा उमटतो आणि पाय उचलला जातो. धातु तापण्यापूर्वींच परीक्षा संपते. घाटाची परीक्षा निराळी. कोलोराडो राज्यांत आयसेनहॉवर बोगद्याकडे जाणारा हमरस्ता समुद्रसपाटीपासून ११,१५८ फुटांपर्यंत चढतो. कांहीं ठिकाणीं शंभर फुटांस सात फूट असा चढ आहे. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें दोनतृतीयांशच उरतो. मागें घोड्यांचा भरलेला ट्रेलर, पाय दाबलेला, हवा विरळ, आणि हा प्रकार सेकंदांचा नव्हे, मिनिटांमागून मिनिटें चालणारा. रिकाम्या गाडीला जो संच वरदान वाटला, तोच येथें पिस्टन जाळूं शकतो. क्षणाचें बळ आणि घाटाचें बळ हीं भिन्न आहेत; पेटीवर पहिलें छापलेलें असतें, शेतकऱ्याला गरज असते दुसऱ्याची.

दुसरी गोष्ट, इंजिन हें एकटें नसतें. त्याच्यामागें क्लच, गिअर, धुरा आणि चाकें अशी सांखळी असते. बळ वाढलें कीं जुना क्लच घसरूं लागतो. आपोआप गिअर बदलणाऱ्या त्या काळच्या डॉज गाड्यांची गिअरपेटी तर या वाढीव ओझ्यापुढें लवकर हार खाते. दाब वाढल्यानें सिलिंडरांवरील गॅस्केटहि फुटूं शकतें. मग स्वस्त पट्टीच्या पाठोपाठ महाग क्लच, त्याच्या पाठोपाठ गिअरपेटी, अशी खर्चाची रांग लागते. आणि गाडीच्या दारावर लिहिलेली वजनाची मर्यादा कोणत्याहि संचानें तसूभर वाढत नाहीं. ती सांगाडा, धुरे, टायर व ब्रेक यांवरून ठरलेली असते.

ब्रेकची गोष्ट विशेष महत्त्वाची. चढ आला, कीं पलीकडे उतार असतोच. स्वतः क्लेसी कमिन्स यांना १९३१ सालीं याचा दाहक अनुभव आला. न्यू यॉर्कहून लॉस एंजेलिसपर्यंत आपल्या इंजिनाची मालमोटार विक्रमी वेळांत नेत असतां, कॅलिफोर्नियांतील केजन घाटाच्या उतारावर ब्रेक निकामी झाले, आणि पुढें रुळांवरून मालगाडी जात होती. अपघात थोडक्यांत टळला. तो प्रसंग त्यांच्या मनांतून गेला नाहीं. इंजिनाच्याच दाबानें गाडी रोखणारा ब्रेक त्यांनीं पुढें शोधून काढला, आणि १९६१ सालीं जेकब्स कंपनीनें तो बाजारांत आणला. इंजिन निर्माण करणाऱ्यानेंच थांबण्याच्या साधनाची इतकी चिंता वाहावी, यांत पुष्कळ बोध आहे.

तर मग जोडसंच घेऊंच नयेत काय? तसें नाहीं, क्रम मात्र उलटा हवा. पहिला खर्च दुरुस्तीचा. बारा झडपांच्या या इंजिनांत पुढच्या बाजूस एक छोटी पोलादी खुंटी असते. ती सैल होऊन गिअरांत पडली, तर मोठा अनर्थ होतो. तिला अडविणारी पट्टी किरकोळ किमतीस मिळते. ती एकहि अश्वशक्ति वाढवीत नाहीं, पण इंजिन वांचविते. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या चोवीस झडपांच्या गाड्यांत मुख्य इंधन-पंपाला थंडावा व वंगण इंधनाकडूनच मिळतें. त्याला इंधन पोंचविणारा लहान पंप कमजोर झाला, कीं मोठा व महाग पंप बाद होतो. तेथें विजेची शक्तिवर्धक पेटी लावण्याआधीं इंधनाचा दाब दाखविणारें घड्याळ बसवावें.

दुसरा खर्च मापकांचा. धुराची उष्णता आणि टर्बोचा दाब डोळ्यांपुढें दिसत असले, म्हणजे चालक पाय केव्हां उचलावा हें जाणतो. तिसरा खर्च थांबण्याच्या साधनांचा. धुराच्या नळींत झडप बसवून इंजिनालाच अडविणारा ब्रेक या गाड्यांस बाहेरून जोडतां येतो. त्याच्या दाबाला इंजिनाच्या झडपांच्या स्प्रिंगा पुऱ्या पडतील, एवढें पाहून घ्यावें. त्यानंतर रुंद नळी, मोकळी हवा, मजबूत क्लच. आणि सर्वांत शेवटीं, बेताचें वाढीव इंधन. या क्रमानें गेल्यास संच जुन्या गाडीस खुशाल मानवतो. केवळ शर्यतीच्या हौसेनें उलट्या क्रमानें गेल्यास तोच तिचें आयुष्य खातो.

यांत शेजाऱ्याचाहि वांटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डिझेलच्या धुराची गणना मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. २००७ नंतरच्या नव्या गाड्यांत धूर गाळण्याचीं साधनें आलीं. तीं काढून टाकण्याचे संचहि बाजारांत निघाले. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्यानें २०२० सालच्या अहवालांत असा अंदाज दिला, कीं मागील दहा वर्षांत ५,५०,००० हून अधिक डिझेल पिकअप गाड्यांवरील धूर-शुद्धीचीं साधनें काढली गेलीं. जुन्या गाडीवर तीं साधनें नाहींत, म्हणून तिच्या मालकाची जबाबदारी संपत नाहीं. काळा धूर सोडीत गांवांतून जाणारी गाडी मुलांच्या छातींत तो धूर भरीत असते.

जुन्या इंजिनानें इतकीं वर्षें सोसलें, तें कारखान्यानें त्याच्या ताकदींतला कांहीं भाग शिल्लक ठेवला म्हणून. त्या शिलकेंतून थोडें काढण्यास हरकत नाहीं. मात्र काढण्यापूर्वीं ती किती उरली आहे, हें मोजून पाहावें. आणि घाटाच्या माथ्यावर ट्रेलरमधील जनावरें व पुढें बसलेलीं घरचीं माणसें यांच्यासाठीं कांहीं शिल्लक राहील, अशा बेतानेंच काढावें.