डोकं खाजतंय? आधी तेल थांबवू



आपल्या धाराशिव जिल्ह्यात पाण्याची टंचाई, त्यात बोअरचं पाणी जड. जड पाण्यात साबण फेसाळत नाही, त्याचा चिकट थर केसांवर बसतो. डोकं खाजलं की आपण आणखी तेल चोपडतो. पण कोंड्याची बुरशी तेलावरच पोसते! म्हणून खाज थांबेपर्यंत तेल बंद ठेवू.

अंगाचा साबण डोक्याला नको. शाम्पूची छोटी पुडी तांब्यातल्या थोड्या पाण्यात कालवू, आठवड्यातून दोनदा लावू. पाणीही कमी लागतं. पावसाळ्यात पागोळीचं पाणी धरू. ते हलकं, केस मोकळे होतात. कंगवा प्रत्येकीचा वेगळा.

महिनाभरात फरक पडला नाही, किंवा डोक्यात पू, चट्टे दिसले, तर अंगावर काढायचं नाही. आशाताईंना विचारून सरकारी दवाखाना गाठू.