सागाचा भाव कुठे असतो?

मुलीच्या लग्नासाठी काकांनी धुऱ्यावरचे साग परवानगी काढून तोडले, तेव्हा मी नागपूरहून टेप घेऊन गेलो. ओंडक्याचा घेर 120 सेंटिमीटर, लांबी 3 मीटर. घेराचा चौथा भाग 30. त्याचा वर्ग करून लांबीने गुणले की 0.27 घनमीटर. खरे तर भरते 0.34, पण गोल लाकूड चौकोनी करताना कडा जातात, म्हणून ही जुनी रीत.

व्यापाऱ्याने टेपकडे पाहिलेच नाही. तो कापलेल्या तोंडाशी उकिडवा बसला. मधला तपकिरी गाभा किती, भोवतीचे पांढरे किती? ‘पांढऱ्याला वाळवी लागते, भाऊ.’ कोवळ्या झाडात गाभा कमीच. मग गाठी, बाक, पोकळी पाहिली. बल्लारपूरच्या आगारातल्या जुन्या, सरळ ओंडक्याचा भाव आम्हाला कुठला! 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी साग तिथूनच गेला.

काकांनी खालच्या फांद्या वेळेवर छाटल्या नव्हत्या. त्याच आता गाठी होऊन बसल्या होत्या. व्यापारी सगळ्या ढिगाचा एकच भाव सांगत होता. मी सरळ, बिनगाठीचे चार ओंडके बाजूला काढायला लावले. त्यांचा भाव वेगळा ठरला. काकू म्हणाल्या, ‘हे आधी का नाही सांगितलं?’