बंधन कोणत्या कायद्याखालीं?

(मुरुड, ता. दापोली, येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



दिल्लीचें सरकार आणि कोर्ट यांच्या झगड्याशीं आम्हां नांगरधाऱ्यांस काय करावयाचें, असें कोणी म्हणेल. म्हणूं नये. 1949 चा कायदा होऊन खोती बुडेपर्यंत या रत्नागिरी जिल्ह्यांत आमच्या वाडवडिलांनीं खोताची रीत पाहिली: कागदांत लिहिलें असेल तेवढेंच कुळाचें, बाकी सारें खोताचें! हीच रीत पुढें सरकारनें कोर्टांत मांडली, ती ऐका.

1962 सालीं चीनशीं युद्ध जुंपलें. राष्ट्रपतींनीं 3 नोव्हेंबरास हुकूम काढला कीं, भारत संरक्षणाच्या नियमांखालीं ज्याचें स्वातंत्र्य गेलें, त्यानें त्यासाठीं कोर्टाचें दार ठोठावूं नये. याच नियमांखालीं महाराष्ट्र सरकारनें प्रभाकर संझगिरी यांस मुंबईच्या तुरुंगांत ठेविलें. गृहस्थ कम्युनिस्ट, त्यांचीं मतें कोणास पटोत न पटोत. त्यांनीं कोठडींत बसून अणूच्या अंतरंगावर मराठींत पुस्तक लिहिलें, तेंही सरकारची परवानगी घेऊन! छापण्यासाठीं तें पत्नीकडे पाठवूं द्या म्हणाले, तर 1964 सालीं उत्तर आलें: नाहीं. हायकोर्टानें संझगिरींच्या बाजूनें निकाल दिला. सरकार सुप्रीम कोर्टांत गेलें. म्हणणें काय? स्थानबद्धाच्या सवलतींत पुस्तक बाहेर पाठविण्याचें कलम नाहीं, सबब हक्क नाहीं. खोतच बोलला!

6 सप्टेंबर 1965 रोजीं न्यायमूर्ति सुब्बाराव यांनीं निकाल दिला. तीं कलमें बंधनांचीं आहेत, मेहेरबानीचीं नव्हेत. जें बंधन लिहिलेलें नाहीं तें सरकारास लादतां येत नाहीं. राष्ट्रपतींच्या हुकमानेंही दार बंद झालें नाहीं, कारण हुकमांतच ‘त्या नियमांखालीं’ अशी अट होती.

सावकाराच्या कागदांत एक शब्द गळाला म्हणजे शेत जातें, हें आम्हांस कोणी शिकवावयास नको. आणीबाणींत, 27 जून 1975 च्या हुकमांतून, हीच अट गळाली. 28 एप्रिल 1976 रोजीं पांचांपैकीं चार न्यायमूर्ति म्हणाले, स्थानबद्धास आतां दाद नाहीं. त्या चारांत आमचे मराठी यशवंतराव चंद्रचूडही होते, हें सांगतांना जीभ अडखळते. एकटे हंसराज खन्ना उलट उभे राहिले.

1978 च्या घटनादुरुस्तीनें जीविताच्या हक्काचें दार आणीबाणींतही बंद होऊं नये अशी तरतूद केली. पण तो निकाल चूक होता असें खुद्द सुप्रीम कोर्टानें म्हणावयास 24 ऑगस्ट 2017 उजाडावें लागलें. तें निकालपत्र लिहिणाऱ्यांत त्याच चंद्रचुडांचे चिरंजीव धनंजय होते.